उशाशी दोन पुस्तकं

लढायांचा छंद असलेल्या माणसाला ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं, तर सहसा एका पुस्तकाचं नाव येत नाही. जोडी येते. टेबलावर युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावरचा जाडजूड ग्रंथ आणि उशाशी अंतराळातल्या आरमाराची कादंबरी. नेपोलियनच्या रशियातल्या माघारीवरचं पुस्तक अर्ध्यावर आलेलं, पण रात्री ते झेपत नाही म्हणून तलवारबाज आणि चेटकिणींच्या मालिकेचा सातवा भाग हाताशी. विचारणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही, कारण त्याच्या घरीही हीच तऱ्हा. मग गप्पा रंगतात त्या वेगळ्याच गोष्टींवर. ग्रंथातले नकाशे धड आहेत का? परिशिष्टात सैन्याची पलटणवार यादी दिली आहे का? कादंबरीतलं घोडदळ मैलभर भरधाव जाऊन लगेच तुटून पडतं, की लेखक घोड्यांना दम खायला वेळ देतो?

ही माणसं म्हणजे वॉरगेमर. ब्रिटन-अमेरिकेत हा छंद चांगला रुजलेला आहे. मोठ्या टेबलावर हिरवं कापड पसरायचं, टेकड्या-ओढे-घरं मांडायची, हातानं रंगवलेले शिशाचे किंवा प्लास्टिकचे सैनिक उभे करायचे आणि फासे, टेपपट्टी व नियमांची पुस्तिका घेऊन लुटुपुटूची लढाई लढायची. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्यांना हे परकं वाटू नये. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, तटाखालून आगगाडी जाते, बुरुजाशेजारी वाघ बसलेला असतो आणि कुणाची हरकत नसते. वॉरगेमरची असते. शिपाई २८ मिलिमीटरचा असेल तर तोफ त्याच मापाची हवी, आणि कोटाच्या बाहीची पट्टी पिवळी होती की पांढरी, यावर तो आठवडाभर पुस्तकं उलटी-पालटी करतो.

वाचणारे पुष्कळ असतात. वॉरगेमरच्या वाचनाला मात्र एक अट चिकटलेली असते: वाचलेलं टेबलावर मांडता आलं पाहिजे. आणि मांडायचं तर एक सैन्य पुरत नाही. जिंकलेल्यांच्या आठवणी वाचून भागत नाही, हरलेल्यांकडे किती तोफा होत्या, त्यांचे गोलंदाज कसे होते, त्यांचा सेनापती नेमका कुठे उभा होता, हेही शोधावं लागतं. देशाभिमानानं वाचणाऱ्याला ही गरज पडत नाही. खेळणाऱ्याला पडते, कारण टेबलाच्या पलीकडे कुणीतरी मित्र बसलेला असतो आणि आपलं सैन्य हरण्यासाठीच मांडलंय हे तो चालवून घेत नाही.

या जोड-वाचनाचा नमुनेदार माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा फ्लेचर प्रॅट (१८९७–१९५६). लष्करी इतिहासकार म्हणून त्याचं नाव होतं. अमेरिकन यादवीवरचं त्याचं ‘ऑर्डील बाय फायर’ १९३५मध्ये आलं. त्याच माणसानं एल. स्प्रेग डी कँपच्या जोडीनं हॅरल्ड शेच्या कथा लिहिल्या: एक मानसशास्त्रज्ञ तर्कशास्त्राची सूत्रं म्हणत थेट नॉर्स पुराणात जाऊन पडतो, अशा थाटाच्या. घरात हा गृहस्थ मार्मोसेट जातीची चिमुकली माकडं पाळायचा. आणि त्याच्याकडे जमणाऱ्या मंडळींचा खेळ होता आरमारी युद्धाचा. लाकडाच्या चिमुकल्या युद्धनौका फरशीवर मांडायच्या, खेळाडूंनी पोटावर झोपून डोळ्यांच्या अंदाजानं पल्ला सांगायचा आणि मग टेपपट्टीनं मोजून गोळा लागला की हुकला ते ठरवायचं. प्रत्येक जहाजाची किंमत तोफा, चिलखत, वेग यांच्या सूत्रातून काढलेली. १९३९च्या डिसेंबरमध्ये ‘ग्राफ श्पे’ ही जर्मन युद्धनौका तीन ब्रिटिश क्रूझरांसमोर खरोखरच अडचणीत आली, तेव्हा प्रॅटच्या सूत्रांनीही असाच निकाल दिला होता, असं या छंदाच्या इतिहासात मोठ्या कौतुकानं सांगतात. डी कँपची आणि प्रॅटची गाठ पडली तीही याच खेळामुळे. म्हणजे फरशीवरच्या जहाजांनी अद्भुतकथांची एक जोडगोळी जुळवून दिली. प्रॅटनं १९४४मध्ये ‘ट्रॅप डोअर स्पायडर्स’ नावाचं जेवणाचं मंडळ सुरू केलं. आयझॅक असिमोव्हनं पुढे आपल्या ‘ब्लॅक विडोअर्स’ रहस्यकथा याच मंडळावर बेतल्या.

प्रॅटच्याही आधी एच. जी. वेल्स होता. मंगळावरून आलेल्या यंत्रांनी लंडन उद्ध्वस्त करणारा हा लेखक घरात मुलांच्या खेळण्यांनी लढाया खेळायचा आणि त्याचे नियम त्यानं १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. स्प्रिंगची पितळी तोफ, त्यातून सुटणारा लाकडी गोळा, समोर शिशाचे शिपाई. या खेळाची सुरुवात एका दुपारच्या जेवणानंतर जेरोम के. जेरोमनं त्या तोफेनं शिपायांवर नेम धरला तेव्हा झाली, असं वेल्सच सांगतो. ‘थ्री मेन इन अ बोट’चा लेखक छोट्या टेबलाशी खुर्ची ओढून नेम धरतोय, हे चित्र मोठं गमतीचं आहे. वेल्सला खऱ्या युद्धाचा तिटकारा होता. सेनापतींनी आपली हौस अशीच भागवावी, असा त्याचा पुस्तकाच्या शेवटचा सूर. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

छंदाला आजचं रूप आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. साउथॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचा फिजिओथेरपिस्ट डोनाल्ड फेदरस्टोन यानं १९६२मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिलं आणि एक वार्तापत्रही चालू केलं. त्याचाच सोबती टोनी बाथ. हा प्राचीन युद्धांचा माणूस. ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था त्यानं १९६५मध्ये उभी केली, पण त्याची सगळ्यात गाजलेली मोहीम घडली कुठे, तर हायबोरियात! हे रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कोनन-कथांमधलं काल्पनिक जग. बाथनं त्या नकाशावर राज्यं वाटली, राजांना आणि सरदारांना स्वभाव दिले आणि त्या स्वभावासाठी चक्क पत्ते काढले. कोण लोभी, कोण निष्ठावान, कोण दगाबाज, ते पत्त्यावरून ठरायचं. सैन्यं मात्र खऱ्या इतिहासातून उचललेली. काल्पनिक देश आणि खरी सैन्यं या मेळाचं कारण व्यवहारी होतं. इतिहासात रोमन आणि व्हायकिंग समोरासमोर येत नाहीत, पण दोन्ही सैन्यं रंगवून कपाटात तयार असली की त्यांना लढवायची खुमखुमी येतेच.

याच खुमखुमीतून पलीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी एक मोठंच प्रकरण सुरू झालं. विमा कंपनीत काम केलेला आणि नंतर चपला-बूट दुरुस्त करून पोट भरणारा गॅरी गायगॅक्स मध्ययुगीन लढाया खेळायचा. १९७१मध्ये त्यानं जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ नावाचे नियम काढले आणि शेवटी ड्रॅगन, चेटूक, राक्षस यांची पुरवणी जोडली. त्या पुरवणीच्या आणि मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनच्या प्रयोगांच्या जोरावर १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. कंपनीचं नाव अजूनही वॉरगेमरी थाटाचं होतं: ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’.

पण वाचनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते १९७९चं एक परिशिष्ट. खेळ चालवणाऱ्याच्या मार्गदर्शक पुस्तकात गायगॅक्सनं शेवटी आपल्याला घडवणाऱ्या पुस्तकांची यादी दिली. ‘अपेंडिक्स एन’ या रुक्ष नावानं ती आज जगभर ओळखली जाते. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट, मेरिट, आणि आपले प्रॅट-डी कँपसुद्धा त्यात आहेत. ही शोभेची यादी नव्हती. एकदा वापरलेला मंत्र जादूगाराच्या डोक्यातून पुसला जातो, हा खेळातला नियम थेट व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’मधून आला. तोडलेलं अंग पुन्हा उगवणारा ट्रोल पोल अँडरसनच्या कादंबरीतून. म्हणजे ‘मी काय वाचतो’ हे एका हौशी माणसानं मोकळेपणानं सांगितलं आणि विस्मरणात चाललेले लेखक पुढच्या पिढीच्या हाती पडले. एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमालाही साधणार नाही इतकं त्या दोन-चार स्तंभांनी साधलं, असं म्हणायला हरकत नाही.

इतिहासाच्या बाजूलाही याच हौसेनं भर घातली. जॉन कीगनचं ‘द फेस ऑफ बॅटल’ १९७६चं. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकवणारा, स्वतः कधीही लढाई न पाहिलेला हा इतिहासकार आझँकूर, वॉटर्लू आणि सोम या तीन लढायांत साध्या शिपायाला काय दिसलं, काय ऐकू आलं, तो पळाला का नाही, असे प्रश्न विचारतो. वॉरगेमर मंडळींच्या कपाटात हे पुस्तक सर्रास सापडतं, कारण प्रश्न त्यांचेच आहेत. त्याच अकादमीतला पॅडी ग्रिफिथ तर उघड वॉरगेमर. १९७४मध्ये सँडहर्स्टमध्ये त्याच्या पुढाकारानं हिटलरच्या इंग्लंडवरील नियोजित स्वारीचा खेळ मांडला गेला आणि पंचांमध्ये खुद्द जर्मन हवाई दलाचा सेनानी आडोल्फ गालांड बसला होता. जर्मन सैन्य खेळात किनाऱ्यावर उतरलं, पण रसद तुटून फसलं. अमेरिकन यादवीतल्या आटे पाडलेल्या बंदुकांनी लढाईची रीतच पालटली, हा त्या काळचा रुळलेला समज. गोळीबार प्रत्यक्षात किती अंतरावरून होत होता, हे जमवून ग्रिफिथनं त्याला आव्हान दिलं. खेळाचे नियम लिहिणाऱ्याला पल्ल्याचा आकडा घालावाच लागतो. ‘बराच लांबून’ असं लिहून टेपपट्टी चालत नाही.

या सगळ्या वाचनाच्या तळाशी ऑस्प्रे प्रकाशनाची पातळ पुस्तकं असतात. त्यांच्या ‘मेन-अॅट-आर्म्स’ मालिकेतलं पुस्तक साधारण ४८ पानांचं, मध्ये आठ रंगीत चित्रपानं. एक पलटण, एक सैन्य, एक काळ. विद्वान नाकं मुरडतात, आणि मजकूर कधीकधी खरंच घाईचा असतो. पण रंगाचा कुंचला हातात असताना पाचशे पानांचा ग्रंथ उघडून ठेवता येत नाही.

आता महाराष्ट्राकडे यायला हवं. ओढूनताणून नाही, कारण या छंदातली एक लाडकी लढाई जालना जिल्ह्यातली आहे.

ब्रिटिश वॉरगेमरांच्या उशाशी असलेल्या कादंबऱ्यांत बर्नार्ड कॉर्नवेलच्या ‘शार्प’ मालिकेचा मान वरचा. कॉर्नवेल बीबीसीत नोकरीला होता. प्रेमात पडून अमेरिकेत गेला, तिथे कामाचा परवाना मिळेना, तेव्हा परवाना न लागणारा धंदा म्हणून कादंबरी लिहायला बसला. ‘शार्प्स ईगल’ १९८१मध्ये आली. लहानपणी त्यानं सी. एस. फॉरेस्टरच्या आरमारी हॉर्नब्लोअर-कथांची पारायणं केली होती आणि जमिनीवरचा हॉर्नब्लोअर त्याला हवा होता. या हॉर्नब्लोअरचा वंशविस्तार अफाट आहे. ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन कर्क त्याच्यावरून सुचलेला, डेव्हिड वेबरची अंतराळातली नौदल अधिकारी ऑनर हॅरिंग्टन ही तर त्याची उघड लेक. आणि शार्पपासून पुढे डॅन अॅबनेटनं ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाच्या विश्वात ‘गॉन्ट्स घोस्ट्स’ ही मालिका १९९९पासून लिहिली. नेपोलियनकाळातला रायफलवाला असा दूरच्या भविष्यात जाऊन पोचला. उशाशी इतिहास आणि अंतराळ शेजारी का असतात, याचं निम्मं उत्तर या वंशावळीत आहे.

शार्पच्या भारतातल्या तीन कादंबऱ्यांपैकी पहिली श्रीरंगपट्टणची. उरलेल्या दोन आपल्या मातीतल्या: १९९८ची ‘शार्प्स ट्रायम्फ’ अहमदनगर आणि असईवर, तर १९९९ची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ गाविलगडावर. मराठी वाचकाला हा काळ ठाऊक आहे तो ना. सं. इनामदारांमुळे. ‘झुंज’मधले यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’मधले दुसरे बाजीराव. १८०२च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांचा पाडाव केला, बाजीराव वसईला पळाले, वर्षअखेरीस त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि त्यातून शिंदे-भोसले विरुद्ध कंपनी हे युद्ध पेटलं. होळकर बाजूला राहिले. इंग्रजी कादंबरीचा वाचक या गोष्टीकडे तांबड्या डगल्याच्या खांद्यावरून बघतो, आपण पुण्याच्या वाड्यातून. दोन्हीकडून न दिसणारी जागा एकच, शिंद्यांच्या कंपूतल्या गोलंदाजाची.

२३ सप्टेंबर १८०३. भोकरदनजवळचं असई, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, साधारण साडेचार हजार माणसं घेऊन आला. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, अंदाजे दहा-अकरा हजार पायदळ, शंभरावर तोफा आणि शिवाय प्रचंड घोडदळ. कंपूंची सूत्रं हॅनोव्हरच्या अँथनी पोहलमनकडे. बेगम समरूच्या पलटणीही तिथे होत्या. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली आणि जाण्या-येण्याची वाट असल्याशिवाय अशी गावं वसत नाहीत, असा त्यानं तर्क केला. तर्क खरा निघाला. नदी उतरतानाच तोफेच्या गोळ्यानं त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं उडवलं.

आता वॉरगेमर हे टेबलावर मांडायला घेतो. नियमांच्या पुस्तिकेत प्रत्येक पलटणीला दर्जा द्यावा लागतो: कसलेली, साधारण, कच्ची. जुन्या इंग्रजी वर्णनांच्या भरवशावर मराठा सैन्याला ‘कच्ची’ म्हणून मोकळं झालं, तर खेळ तासाभरात संपतो आणि वेलस्लीचं फारसं कुणी मरत नाही. प्रत्यक्षात त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. म्हणजे लढलेल्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याच्या ७४व्या हायलँडर पलटणीची असई गावाजवळ चाळण झाली. निकाल जुळत नाही म्हटल्यावर खेळणारा पुन्हा पुस्तकांकडे वळतो आणि तिथे त्याला दोन गोष्टी सापडतात. वेलस्ली बगलेवर उतरतोय हे दिसताच पोहलमननं अख्खी फळी काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. हे कच्च्या पलटणींचं काम नव्हे, आणि वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हतं. दुसरं, इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. मग दर्जा बदलतो. गोलंदाज ‘कसलेले’ होतात. रंगवलेले तेच सैनिक, पण पुस्तिकेतला शेरा वेगळा.

मग हरले का? इथे खेळणाऱ्याला रँडॉल्फ कूपरचं २००३चं ‘द अँग्लो-मराठा कॅम्पेन्स अँड द कॉन्टेस्ट फॉर इंडिया’ हे पुस्तक उघडावं लागतं. मराठे तंत्रात मागे होते म्हणून हरले, हे कूपरला मान्य नाही. त्यांच्या तोफा तोडीस तोड होत्या. कमी पडलं ते सेनापतित्व आणि पैसा. कंपनीनं शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडून आपल्याकडे ओढलं, पलटणींची डोकीच काढून घेतली. असईच्या मैदानात खुद्द दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले पायदळापाशी नव्हते, आणि त्यांचं अवाढव्य घोडदळ लढाईत मनापासून पडलंच नाही. टेबलावर हे दाखवायचं तर सैनिक कमी करायचे नाहीत, हुकूम पोचण्याचे फासे अवघड करायचे. हा बदल मला ग्रंथातल्या एखाद्या प्रकरणाइतका बोलका वाटतो.

कादंबरी इथे काय करते? वेलस्लीचा घोडा डायोमेड भाल्यानं जखमी झाला, हे खरं. कादंबरीत तिथे सार्जंट शार्प उभा राहतो आणि एकटा त्याला वाचवतो. इतिहासात शार्प नाहीच. खलनायक विल्यम डॉड मात्र खऱ्या माणसावर बेतलेला आहे: एका सोनाराचा मारहाणीत जीव घेतल्याचा ठपका आलेला आणि कंपनीची चाकरी सोडून पळालेला लेफ्टनंट. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी शिडी लावून आतला तट चढला तो ९४व्या पलटणीचा कॅप्टन कँबेल. कादंबरीत ते श्रेय शार्प पळवतो. कॉर्नवेलची एक सवय मात्र घेण्यासारखी आहे. प्रत्येक कादंबरीच्या शेवटी तो टीप लिहितो आणि खरं काय, रचलेलं काय, कुणाचा पराक्रम आपण नायकाच्या नावावर घातला, ते सांगून टाकतो. मुरलेला वाचक आधी ती टीप वाचतो, मग कादंबरी. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत संदर्भग्रंथांची यादी हातभर असते, पण कल्पनेनं कुठे हात मारला ते क्वचितच उघड केलेलं असतं. यातला पुढचा टोकाचा माणूस जॉर्ज मॅकडोनल्ड फ्रेझर. त्याचा भेकड नायक फ्लॅशमन इतक्या चोख तळटिपांसह अवतरला, की १९६९मध्ये काही अमेरिकी समीक्षकांनी त्या खऱ्या आठवणी समजून लेख लिहिले. १९७५च्या ‘फ्लॅशमन इन द ग्रेट गेम’मध्ये झाशीची राणी आहे, आणि पुस्तकाचा खट्याळपणा तिच्यापाशी बराच नरमतो.

अहमदनगरची पेठ ऑगस्टमध्ये इंग्रजांनी शिड्या लावून घेतली, तेव्हा त्यांच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूनं बापू गोखले होते. ही माणसं सकाळी आली, तट पाहिला, चढून गेली, शिबंदी कापली आणि न्याहारीला परतली, अशा अर्थाचं त्यांचं आश्चर्य इंग्रजी पुस्तकांत हमखास येतं. ती पुस्तकं तिथेच थांबतात. पंधरा वर्षांनी, १८१८च्या फेब्रुवारीत, हेच बापू गोखले अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. दोन्ही बाजूंचं वाचणाऱ्याला त्या न्याहारीच्या वाक्याची चव वेगळी लागते.

छंदाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टेबलावर भूक नसते. वेलस्लीची दख्खनची मोहीम चालली ती म्हैसूरच्या बैलांवर आणि बंजाऱ्यांच्या धान्याच्या तांड्यांवर. बैल मेले की सैन्य थांबलं, हे तो स्वतः पत्रांतून पुन्हा पुन्हा सांगतो. पण बैल रंगवायला कुणाला हौस नसते, आणि दुकानातही घोडेस्वार आधी खपतात. बाजारबुणगे, जखमी, उजाड झालेली गावं यांना तर फासाच नाही. तरी चांगले खेळाडू एका लढाईऐवजी पूर्ण मोहीम खेळतात, नकाशावर दाणावैरण मोजतात. टोनी बाथनं १९७३मध्ये अशा मोहिमा कशा आखायच्या यावर पुस्तकच लिहिलं.

इतिहास आणि अद्भुत यांची जोडी मराठीत नाही असं मात्र नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याच कुळातली. सभांची अध्यक्षपदं भूषवण्यात हजाराचा टप्पा गाठू पाहणारे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात बसून ते शोधतात की फाटा फुटला कुठे. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते. नारळीकर पुढे पुंजभौतिकीचा आणि कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांताचा आधार देतात, पण वॉरगेमरला तेवढा लागणार नाही. गोळी लागणं-हुकणं म्हणजे त्याच्या लेखी फाशाचं दान. इंग्रजीत हा प्रकार जुना आहे. प्रॅटचा सोबती डी कँप यानं ‘लेस्ट डार्कनेस फॉल’मध्ये विसाव्या शतकातला माणूस सहाव्या शतकातल्या रोममध्ये सोडला. सेनापती बेलिसारियस त्या गोष्टीत आहे. पुढे व्हिएतनाम युद्धात काम केलेला डेव्हिड ड्रेक आणि एरिक फ्लिंट यांनी १९९८पासून बेलिसारियसवर सहा कादंबऱ्या रचल्या, आणि त्यात त्याचा सोबती कोण, तर रघुनाथ राव, महाराष्ट्राचा पँथर! सहाव्या शतकात मराठे, देवगिरी आणि गनिमी कावा. यादवांचा देवगिरी बाराव्या शतकातला, हे कुणी लेखकाला सांगितलं नसेल किंवा सांगूनही त्यानं कानाआड केलं असेल. वाचायला मजा येते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पानिपतच टेबलावर मांडायचं ठरलं, तर मात्र गंगाधरपंतांची गोळी पुरणार नाही. विश्वास पाटलांची कादंबरी जोश देईल, पण मांडणी करताना त्र्यं. शं. शेजवलकरांचं पुस्तक उघडावं लागेल. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींना ‘कसलेली’ हा शेरा मिळेल, आणि त्यांच्या शेजारच्या घोडदळाला चौकोन करून लढण्याची सवय नव्हती, याचाही नियम लागेल. १४ जानेवारी १७६१ला सकाळी फासे टाकायला सुरुवात केली, तर सैन्य आधीच उपाशी आहे आणि यात्रेकरू-बाजारबुणग्यांचं लटांबर पाठीशी आहे. म्हणून खेळ मागे न्यावा लागेल. डिसेंबरात, रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले त्याच्या आधी. किंवा ऑक्टोबरात, मराठ्यांनी कुंजपुरा घेतला आणि अब्दाली भरल्या यमुनेतून अलीकडे उतरला तिथपासून. त्या खेळात भाऊसाहेबांच्या खेळाडूनं काय रंगवून ठेवायला हवं, तर आधी धान्याचे बैल आणि मग हुजरात. अब्दालीच्या खेळाडूला कंदाहारच्या वाटेचा नकाशा लागेल, आणि शुजाच्या गोटातून तहाची बोलणी करणाऱ्या काशीराजाचा लहानसा वृत्तांतही वाचून यावं लागेल. पलीकडच्या छावणीतल्या माणसानं लिहिलेल्या त्या वृत्तांताशिवाय मांडणी पुरी होत नाही.